‘तोंड उघडा’ म्हणणं सोपं: फोंड्याच्या सरांना उत्तर

सर, सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतींवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मुलाखतीत गप्प बसू नका, मोठ्याने विचार करा’ हा माझा सल्ला फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीचा. चौथीपर्यंत मराठी शाळा, घरात कोकणी, पाचवीपासून एकदम इंग्रजी. अशा आपल्या मुलांची त्यात कोंडी होते. शिवाय नोकरीत बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य बघून दर वेळी निम्मी यादी सोडत शोधणं) लिहायला कोण सांगतं? नुसती नाटकं.

नाटकांचं आधी. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत मी ते एकदाही लिहिलेलं नाही, कबूल. तरी विचारतो. यादीचा मध्य काढताना बहुतेक सगळे खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये, म्हणजे तिच्या लायब्ररीतही तेच होतं. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली जाहीर केलं की त्यातली चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती. जावात साध्या पूर्णांकाच्या घरात २१४७४८३६४७ पर्यंतचाच आकडा मावतो; बेरीज त्याच्या पुढे गेली की ती उलटून ऋण होते. त्यासाठी यादीत शंभर कोटींहून जास्त नोंदी लागतात, मग कुणाच्या लक्षात येणार? पाठ केलेलं उत्तर लिहून झालं की मी एवढंच विचारतो, ‘यादी प्रचंड मोठी झाली तर?’

गेल्या पावसाळ्यात फर्मागुडीची एक मुलगी इथेच अडली. वीज गेलेली, मोबाइलच्या नेटवर चेहरा थिजत होता. ‘सर, ॲक्चुअली, द व्हॅल्यू...’ असं तीनदा म्हणून थांबली. म्हटलं, कोकणीत सांग. ‘बेरीज त्या घरांत मावची ना!’ लगेच. ओव्हरफ्लो हा त्यासाठीचा इंग्रजी शब्द तिला नंतर आठवला.

इथे तुमचं बरोबर, सर. समोर बंगळूरचा कुणी असता तर तिच्या नावापुढे ‘कम्युनिकेशन कमी’ एवढाच शेरा पडला असता. चुकीचं पण सफाईने बोलणारा वर चढतो, हेही मूळ लेखात यायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

पण गप्प बसणं मला अजूनही पटत नाही. पहिल्या मुलाखतीत मी आठ मिनिटं कागदात मान घालून बसलो होतो. उत्तर बरोबर आलं, मेल नकाराचा आला. त्या माणसाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आता मुलाखत घेणाऱ्याने भरायचा तोच फॉर्म मी भरतो. प्रत्येक गुणाखाली उमेदवाराने नेमकं काय केलं ते लिहावं लागतं. त्या आठ मिनिटांचं काय लिहिणार? मान खाली होती?

म्हणून मुलांना आधी आकडे लिहायची सवय लावा, इंग्रजीचं नंतर बघू. प्रश्न आला की स्क्रीनवर ३, ७, ९, १२ अशी छोटी यादी टाकायची आणि कर्सर फिरवत ‘धिस, देन धिस, नॉट धिस’. तेवढं पुरतं. यादी रिकामी असली तर काय, एकच आकडा असला तर काय, तेही तिथेच लिहायचं. त्याला व्याकरण लागत नाही.

राहिला ‘पर्वरीत बसून बंगळूरचा पगार’ हा टोमणा. बसतो खरा. चतुर्थीला एकच दिवस सुट्टी मिळते, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

पुढच्या महिन्यात दोन शनिवार मोकळे आहेत. तुमच्या वर्गात सरावाच्या मुलाखती घ्यायला येतो. प्रोजेक्टर चालतो ना, तेवढं बघून ठेवा.