खुलासा: कुमार गंधर्वांना गुरू होते

‘कुमार गंधर्व कोणाकडेही शिकले नाहीत, तेव्हा गळा असलेल्या मुलाला क्लास कशाला?’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा हा मुलगा, म्हणजे पुढचे शास्त्रीय गायक कुमार गंधर्व, लहानपणी थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या तानांसकट हुबेहूब गायचा, मैफलीही गाजवायचा. पण अकरा-बाराव्या वर्षी तो मुंबईत संगीतशिक्षक प्रा. बी. आर. देवधरांकडे आला आणि तिथे वर्षानुवर्षे शिकला. गायिका अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम त्याला मिळाली. हे कुमारांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. नक्कल आयती येत होती. स्वतःचं गाणं घडलं ते नंतर. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आलाच तर हा खुलासा त्याखाली टाका. एखाद्या गुणी पोराची तालीम त्यापायी थांबायला नको.