घसा ठणठणीत आहे हो!

परवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कंडेन्सर घ्यायला गेलो आणि घशाचा रुग्ण होऊन परत आलो. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी घरी दहा पट्ट्यांचा अ‍ॅनालॉग व्होकोडर बांधतो आहे. बोलण्याचा आवाज दहा बँडपास फिल्टरांतून, म्हणजे कंपनांचा एकेक ठरावीक पट्टाच पुढे सोडणाऱ्या गाळण्यांतून गाळायचा, प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे हे क्षणोक्षणी मोजायचे आणि सिंथेसायझरच्या सुराचे तेच पट्टे तेवढ्याच जोराने उघडायचे, की वाद्य बोलू लागते. खटाटोप एवढाच, पण आवाजाचे दहा आणि सुराचे दहा असे फिल्टर २०, प्रत्येकाचे टप्पे दोन आणि टप्प्याला कंडेन्सर दोन, म्हणजे नग ८०.

"८०? कुठल्या पंख्याला?" दुकानदाराने विचारले.

शेजारी रबर बँडने आवळलेला टीव्हीचा रिमोट घेऊन एक काका उभे होते. "काय बनवताय?" या त्यांच्या प्रश्नाला मी घाईत "आवाजाचं यंत्र" असे उत्तर दिले आणि तिथेच फसलो. काकांचा चेहरा एकदम कनवाळू झाला.

"कधीपासून आहे हे?"

"झाले दोन महिने," मी ब्रेडबोर्डवरच्या कच्च्या जुळणीविषयी बोलत होतो.

"बोलता तर छान येतंय की!"

"बाकी ठीक आहे, फक्त 'स' आणि 'श' उमटत नाहीत."

"येतील, येतील. आमच्या मेव्हण्याला वर्ष लागलं. तंबाखू होती?"

"नाही हो!"

"मग तपकीर?"

तपकीर गल्लीत उभे राहून या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? 'स' म्हणताना स्वरतंतू कंपत नाहीत, केवळ हवेची फुसफुस होते आणि ती माझ्या सूर काढणाऱ्या ऑसिलेटरमध्ये नसल्यामुळे फुसफुस करणारा वेगळा नॉइज जनरेटर जोडावा लागतो, हे मी सांगू लागलो, तोच काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "ताण देऊ नका" असे बजावले आणि साऱ्या गिऱ्हाइकांना "यांना आधी द्या रे, पेशंट आहेत" असे ऐकवले. लोक बाजूला झाले. एका बाईंनी मला खुर्ची दिली.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या होमर डडली यांनी टेलिफोनच्या तारेत कमी जागेत बोलणे मावावे म्हणून व्होकोडर शोधला. त्यावर बेतलेली सिगसॅली ही सुमारे ५० टनांची गुप्त टेलिफोन यंत्रणा १९४३ मध्ये सुरू झाली, आणि तिचे लंडनमधील यंत्र चक्क सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात होते. तेही दुकानच, पण तिथल्या अभियंत्यांना कुणी तपकिरीविषयी विचारले नसावे.

खरा घाव घरी आल्यावर बसला. छापील मूल्यापेक्षा फार तर ५ टक्के इकडेतिकडे होणारे पॉलिस्टरचे कंडेन्सर मी मागितले होते. पुडीतून २० टक्केवाल्या सिरॅमिकच्या चकत्या निघाल्या. फरक दाखवणाऱ्या अक्षराच्या जागी ५ टक्क्यांच्या 'जे'ऐवजी २० टक्क्यांचा 'एम'. या फरकाने ३०० हर्ट्‌झचा पट्टा २५० ला घसरतो किंवा ३७५ ला चढतो, म्हणजे शेजारच्या पट्ट्याच्या अंगणात जाऊन बसतो. खुर्चीत बसवलेल्या माणसाने पुडी उघडून पाहायची तरी कशी?

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. मी तोंड उघडताच दुकानदाराने पॅड आणि पेन पुढे सरकवले. "साहेब, बोलू नका. लिहून द्या." मी मुकाट्याने सगळे लिहिले. त्याने ते शांतपणे वाचले आणि बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करत सांगितले, "माल, बदलून, मिळत, नाही."