फक्त

परोपकाराची इच्छा अर्ज न करताही मनात उत्पन्न होते. अडचण सुरू होते ती हातात डबा घेऊन रस्त्यावर उभे राहायचे ठरल्यावर. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या लहानशा मंडळाने एका शनिवारी चौकात निधी गोळा करण्याचे ठरवले आणि अक्षर बरे असल्याच्या अपराधाबद्दल परवानगी आणण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

अर्जात ‘अपेक्षित जमा रक्कम’ असा एक रकाना होता. आकडा लहान लिहावा, तर एवढ्याशासाठी रस्ता कशाला अडवता असे कोणी विचारणार. मोठा लिहावा, तर आमच्या सचोटीबद्दलच शंका येणार. बराच वेळ पेन चावून मी ‘लोकांच्या इच्छेनुसार’ असे लिहिले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“अहो, इथं आकडा लागतो. इच्छा चालत नाही.”

मग डबे आले. प्रत्येक डब्याला अनुक्रमांक हवा, झाकण मोहोरबंद हवे आणि ते दोघांच्या समक्षच उघडायला हवे. शिवाय डबा वाजवून कोणाचे लक्ष वेधायचे नाही, की वाट अडवायची नाही. थोडक्यात, पैसे मागावेत, पण मागितल्यासारखे वाटू नये. (लग्नाळू मुलांच्या वडिलांना ही कला उपजत साधते.) इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या वर्गणीसाठी 1916 सालापासून कायदा आहे, आणि तिथल्या नमुना नियमांनुसार दोन स्वयंसेवकांत 25 मीटरचे अंतर लागते व सोबत प्राणी आणता येत नाही, हे वाचल्यावर मला आमची खिडकी एकदम मवाळ वाटू लागली. तो प्राण्याचा नियम ज्याच्यामुळे करावा लागला, त्या कुत्र्याला एकदा भेटायला मला आवडेल.

या नियमांवर मनापासून चिडावे, तर तीही सोय नाही. आजवर पुढे आलेल्या किती डब्यांत मी नाणी टाकली, पण मोहोर शाबूत आहे का, हे एकदाही पाहिले नाही. समोरच्याचा चेहरा गरीब दिसला, एवढे मला पुरले. माझ्यासारख्या भोळ्यांसाठीच ती खिडकी आहे, हे कळत असूनही तिसऱ्या खेपेला माझे पाय दुखायचे थांबले नाहीत.

परवानगी मिळाली. आठ जण दिवसभर उन्हात उभे राहिले. संध्याकाळी दोन साक्षीदारांसमोर मोहोरा फोडून नाण्यांच्या चळती लावल्या. त्यांत दोन बटणे आणि एक गुळगुळीत झालेले नाणे निघाले, त्यांचीही नोंद केली. हिशेब मुदतीच्या आत घेऊन मी खिडकीशी गेलो. गृहस्थांनी बेरीज दोनदा तपासली, सह्या पाहिल्या आणि कागद परत सरकवला.

“अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ राहिलंय.”

आठ जणांच्या दिवसभराच्या उन्हापुढे मी तो शब्द लिहिला. त्यांनी लगेच शिक्का मारला.