‘राजदूत हवेतच कशाला?’ विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्यातला दावा असा: राष्ट्रप्रमुख आता थेट फोनवर बोलतात, त्यामुळे राजदूत म्हणजे सरकारी खर्चाने मेजवान्या झोडणारा बडा साहेब. त्याने गुन्हा केला तरी त्याला कुणी हात लावू शकत नाही. दूतावासाची जागा म्हणजे त्याच्याच देशाची जमीन. आणि परदेशात कुणी अटकेत पडलं, तर राजदूताने मनावर घेतलं की सुटका झालीच. यातला एक मुद्दा निम्मा खरा आहे. बाकीच्यांत दम नाही.

आधी फोनचं बघू. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडाशी आले होते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची पत्रं थेट अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना येत होती, म्हणजे दोन्ही प्रमुखांचा संवाद चालूच होता. घोळ वेगळाच झाला. २६ तारखेचं पत्र मवाळ होतं, तर २७ तारखेचं ताठर. तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रं काढा, असं म्हणणारं. खरं कोणतं धरायचं? २७ तारखेला केनेडींनी सल्लागारांशी केलेल्या चर्चेत लुएलिन थॉम्पसन होते, त्याच वर्षापर्यंत मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत असलेले. ख्रुश्चेव्ह आता मागे हटायचे नाहीत, असं केनेडींना वाटत होतं. थॉम्पसन यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं की तसं नाही, क्युबा आपण वाचवला असं मिरवायला मिळालं तरी त्या माणसाला पुरेल. हे पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मॉस्कोत काढलेल्या वर्षांतून आलं होतं.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही निघतील, असा शब्द दिला. फक्त तोंडी, आणि बाहेर वाच्यता होणार नाही या बोलीवर. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. दोन्ही राजधान्यांना थेट जोडणारी हॉटलाइन आली १९६३ मध्ये. ती आधी असती, तरी ख्रुश्चेव्ह यांची पारख तिने करून दिली नसती.

मेजवान्या होतात, खोटं कशाला बोला! पण राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं तिसरं कलम वाचा. प्रतिनिधित्व, देशाच्या आणि नागरिकांच्या हिताची जपणूक, वाटाघाटी, मैत्री वाढवणं यांच्या जोडीला तिथे एक काम स्पष्ट दिलंय: यजमान देशातली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणं. मंत्र्याच्या कचेरीत छापील उत्तर मिळतं, आतली गोष्ट जेवताना कळते. पाहुणे गेले की राजदूत केबल, म्हणजे आपल्या सरकारला पाठवायचा गोपनीय अहवाल, लिहायला बसतो, आणि ती गोडगोड असून भागत नाही. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत किम डॅरोक यांनी ट्रम्प प्रशासनाला अकार्यक्षम म्हटलेल्या केबल २०१९ मध्ये फुटल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं.

गुन्ह्याचा मुद्दा निम्मा खरा. यजमान देश राजदूताला अटक करू शकत नाही आणि त्यातून अन्यायही होतो. १९८४ मध्ये लंडनच्या लिबियन दूतावासातून झालेल्या गोळीबारात एक पोलीस महिला ठार झाली, तरी आतल्या सगळ्यांना मायदेशी जाऊ द्यावं लागलं. मात्र हे संरक्षण त्या व्यक्तीच्या मालकीचं नसतं, तिला पाठवणाऱ्या देशाचं असतं आणि तो ते काढून घेऊ शकतो. १९९७ मध्ये जॉर्जियाच्या एका वरिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याच्या गाडीने वॉशिंग्टनमध्ये एका मुलीचा बळी घेतला. जॉर्जियाने संरक्षण काढलं आणि अमेरिकी न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडलं. शिवाय यजमान देश कारण न देता कुणालाही ‘नकोशी व्यक्ती’ ठरवून परत पाठवू शकतो.

जमिनीचा दावा तर सरळ चूक. दूतावासात परवानगीशिवाय शिरता येत नाही, एवढंच. २०१९ मध्ये इक्वेडोरच्या राजदूतांनी बोलावल्यावर लंडनचे पोलीस दूतावासात गेले आणि तिथे आश्रय घेतलेले विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांना ब्रिटिश कायद्याखाली अटक करून घेऊन आले. जमीन इक्वेडोरची असती तर आधी प्रत्यार्पणाचा खटला चालवावा लागला असता.

राहिली सुटका. १९६३ चा दुसरा व्हिएन्ना करार अटकेतल्या नागरिकाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा आणि त्याला वकील मिळवून देण्याचा हक्क वाणिज्य दूतावासाला देतो. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात त्या देशाने हाच हक्क डावलला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. भारताने सुटकाही मागितली होती. ती न्यायालयानेही दिली नाही, मग राजदूत कुठून देणार?