आपोआप होणारी तपासणी

संगणकाच्या विषाणू-तपासणीला ठरावीक वेळ नेमून द्यावी म्हणजे ती आपोआप होते, हा सल्ला ज्याने प्रथम दिला, तो बहुधा एकटा राहत असावा. भरल्या घरात संगणक चालू आहे आणि तरीही तो कोणालाच नको आहे, असा तास चोवीस तासांत सापडत नाही.

विंडोजने आपल्या देखभालीच्या कामांसाठी मुळातच रात्री दोनची वेळ धरलेली असते. वेळ उत्तम आहे. परंतु आमच्या मातोश्री झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर आणि संगणकाचे भिंतीवरचे बटण सारख्याच निष्ठेने बंद करतात, आणि बटणच बंद असल्यावर टास्क शेड्यूलरमधली, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या कारभाऱ्याकडची, संगणकाला झोपेतून उठवण्याची सोय कोणाला उठवणार? गुरुवारची दुपार मोकळी दिसली, पण पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार.

चुकलेली तपासणी संधी मिळताच सुरू करावी, अशीही एक खूण टास्क शेड्यूलरमध्ये असते. ती केल्यानंतर वडील तत्काळचे तिकीट काढायला बसले. वातानुकूलित डब्यांचे आरक्षण दहाला उघडते, म्हणून त्यांनी पावणेदहाला संगणक लावला आणि त्या यंत्राला आठवडाभराचे कर्तव्य आठवले. संपूर्ण तपासणी म्हणजे प्रत्येक फाइल वाचणे, झिप केलेल्या फायलींचीही गाठोडी सोडणे. त्यातून आमची डिस्क जुनी, फिरणारी. प्रोसेसरवर सरासरी 50 टक्क्यांहून अधिक भार टाकू नये असा डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या विषाणू-रक्षकाचा, मूळ दंडक असतो खरा, पण डिस्कची कीव कोण करणार? डबा कुरकुरू लागला, लाल दिवा लुकलुकायचाही थांबून अखंड पेटला, आणि पडद्यावरचे निळे कडे फिरत राहिले. “अरे, चोर शोधून झाले की सांग, तोवर प्रतीक्षा यादीत उभा राहतो,” असे वडील म्हणाले.

अखेर तह झाला. सर्वजण जेवायला बसतात तेव्हा, रोज दुपारी एकला, झटपट तपासणी. ती मेमरी आणि विषाणूंच्या नेहमीच्या लपण्याच्या जागाच पाहते, त्यामुळे ताक-भातापर्यंत उरकते. संपूर्ण तपासणीसाठी मातोश्रींनी महिन्यातून एक रात्र बटण चालू ठेवण्यास संमती दिली आहे, मात्र ती रात्र अमावास्येची नसावी. टास्क शेड्यूलरला महिन्याचा शेवटचा शुक्रवार कळतो, तिथी कळत नाही. त्यामुळे या आपोआप होणाऱ्या तपासणीची तारीख दर महिन्याला मी कालनिर्णय पाहून हाताने भरतो.