डोंगर त्रिकोणीच का काढतो आपण?

एटीडीचं, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेचं, दुसरं वर्ष चालूय माझं, आणि हे बरेच दिवस लिहायचं होतं. कॉलेजात हात तयार होतो यात वादच नाही, स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं घासून घेतात, नाशिकच्या गोदाघाटावर उन्हात बसवून लँडस्केप करून घेतात (जलरंगातले नावाजलेले चित्रकार शिवाजी तुपेंच्या गावात राहून जलरंग जमत नाही म्हणायची सोय नाही!). पण वर्गात पोरांसमोर उभं राहिलं की हा तयार हातच नडतो, असं माझं मत झालंय.

म्हसरूळकडच्या एका शाळेत सराव पाठ होता. सहावीचा वर्ग, ५६ पोरं, ३५ मिनिटांचा तास, विषय निसर्गचित्र. पाठ टाचण दोन रात्री जागून लिहिलेलं, मागच्या बाकावर निरीक्षक, मग काय, रंगीत खडूंनी फळा भरून टाकला, दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी. पोरं खूश, सगळ्यांनी तेच उतरवलं. एकाने मात्र डोंगराचा माथा सपाट काढलेला. मी म्हटलं, अरे हा डोंगर आहे का टेबल? वर्ग हसला, त्याने मुकाट्याने खोडलं, इतकं की कागद फाटायला आला. मला रिमार्क मिळाला, फळालेखन उत्तम.

शाळा सुटल्यावर गेटातून गाडी बाहेर काढली आणि समोर रामशेजचा किल्ला. सपाट! अंजनेरी बघा, ब्रह्मगिरी बघा, लाव्ह्याचे थर एकावर एक, कडे ताठ, माथा सपाट. जन्म नाशकात गेला आणि मी काढते त्रिकोण, कारण पाचवीत आमच्या सरांनी फळ्यावर त्रिकोण काढलेला.

आणि हे एकट्या माझं नाही. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ग्रेडचे दहावीला ७, ५, ३ मार्क मिळतात ना, म्हणून क्लासमधे स्मरणचित्रासाठी फुगेवाला, छत्रीवाली बाई पाठ करून घेतात. मग स्मरण कोणाचं? पोराचं की क्लासवाल्याचं? सराव पाठातही सगळे फळा बघतात, पोरांचे कागद कोण बघतं? माझं तर म्हणणंय निम्मे पाठ कोऱ्या फळ्याने घ्यायला लावा.

पुढच्या पाठाला मी तेच केलं, पोरांना व्हरांड्यात नेऊन रामशेज बघायला लावला. रांगेतच १० मिनिटं गेली, चित्रं अर्धवट राहिली, रिमार्क आला वर्गनियंत्रण कमी. पण सात-आठ कागदांवर माथा सपाट होता.

त्या पोराने मात्र यावेळी त्रिकोणच काढला, मधे सूर्य.