साडेसहाला कुलूप

परवा माझ्या वर्कशॉपमध्ये एक पोरगं ड्रॉइंग घेऊन माझ्यासमोर उभं राहिलं. वय बावीस, दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, चार वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर. हात चांगला आहे. जॉब टेपरचा होता, म्हणजे एका टोकाकडं निमुळता होत जाणारा गोल तुकडा : मोठा व्यास ५० मिमी, टेपरची लांबी ४०, पूर्ण कोन ३० अंश. लहान टोकाचा व्यास ड्रॉइंगवर नव्हता.

"मालक, ह्यो कितीला धरायचा? मागच्या येळी सेटरनं सांगितलं तसं टाकलं हुतं."

मी मालाच्या चलानाच्या पाठीवर काटकोन त्रिकोण काढला. कोन निम्मा घ्यायचा, १५. टॅन १५ म्हणजे ०.२६८. त्याला ४० नं गुणलं की १०.७२, दोन्ही बाजूंचं मिळून २१.४४. पन्नासातून वजा, राहिले २८.५६. पोरगं बराच वेळ कागदाकडं बघत राहिलं आणि म्हणालं, "म्हंजे शाळेतलं टॅन थिटा ते ह्येच व्हय?"

ज्या गणिताला घाबरून त्यानं शाळा सोडली, त्याच गणितावर तो चार वर्षं पोट भरतोय आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

नंतर कळलं की हे पोरगं शिकायला गेलं होतं. शहरातल्या एका कॉलेजात सहा महिन्यांचा कोर्स आहे असं ऐकून शिफ्ट सुटल्यावर साडेसहाला तिथं पोहोचलं. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, ऑफिस पाचला बंद होतं. मग एक दिवस अर्धी रजा टाकून दुपारी गेला. तिथं सांगितलं की वर्ग अकरा ते चार, हजेरी ७५ टक्के लागते. दिवसभर शिफ्ट करणाऱ्या पोरानं यावर काय करायचं? तो परत आला आणि गप्प कामाला लागला. त्या अर्ध्या दिवसाचा पगार मी कापला होता. कशासाठी गेला होता हे कळल्यावर परत दिला, पण माझ्या मनाला ते लागून राहिलंय.

आपलं कोल्हापूर शिक्षणाच्या बाबतीत साधं नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. शाळा होत्या, राजाराम कॉलेजही १८८० पासून होतं. पण खेड्यातल्या पोरानं कोल्हापुरात राहायचं कुठं आणि खायचं काय, हा अडसर होता. महाराजांनी नेमका तोच ओळखला.

योगायोग बघा. त्याच १९०१ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोलिएट गावात एका हायस्कूलच्या इमारतीत सहा विद्यार्थ्यांवर एक छोटं कॉलेज सुरू झालं. लांबच्या विद्यापीठात जाणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्यासाठी गावातच पहिली दोन वर्षं शिकायची सोय. त्यातून पुढं तिथली कम्युनिटी कॉलेजं वाढली, आज ती हजाराच्या आसपास आहेत. फी कमी, दार बहुतेक सगळ्यांना उघडं. नर्स, वेल्डर, हिशेबनीस असे शहराला रोज लागणारे लोक तिथं तयार होतात. दिवसा नोकरी करणारा संध्याकाळी वर्गात बसतो आणि पुढं वाटलं तर तेच क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या शिक्षणाचे जमा गुण, घेऊन विद्यापीठात जातो.

आपल्याकडं हे कागदावर आलेलं आहे. युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पाठोपाठ बी.व्होक. ही व्यवसायशिक्षणाची पदवी आली. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, वर्षाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मधे थांबा, परत या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट साठवायची बँकही झाली. सोय उत्तम आहे. फक्त ती सकाळी अकराला उघडते आणि पाचला मिटते.

शाहू महाराजांच्या काळात प्रश्न जागेचा होता. आज तो वेळेचा आहे.

"उद्यमनगर काय कॉलेजात शिकून उभं राहिलं का?" असं शहरातल्या या जुन्या कारखानवस्तीकडं बोट दाखवून मला हमखास ऐकवतात. इथल्या उद्योगाचे जुने नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच पाहिजे. पण साध्या लेथवर काम डोळ्यांना दिसायचं. उस्तादाचा हात हँडलवर कसा फिरतो ते दिसायचं, टूल बोथट झालं की आवाज बदलायचा, कापून निघणाऱ्या चिपचा रंग बदलायचा. शेजारी उभा राहिलेला पोरगा बघून बघून शिकायचा. सीएनसीचं दार बंद असतं, काचेवर कूलंट उडत असतं आणि सगळा विचार आधीच प्रोग्रॅममध्ये होऊन गेलेला असतो. बाहेर उभ्या पोराला दिसतं फक्त सायकल स्टार्टचं बटण. बघून शिकण्यासारखं तिथं फार थोडं उरलंय. म्हणून शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ऑपरेटर भरपूर आणि प्रोग्रॅमर शोधावा लागतो.

मी स्वतः रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झालो. दिवसा फौंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या भागांची घासून सफाई, करायचो. कितीही घासलं तरी बोटांचा काळा जात नसे, माझ्या अकाउंट्सच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा आहे. शिरोलीची बस उशिरा यायची, म्हणून आमचे सर हजेरी दहा मिनिटं थांबवून घ्यायचे. त्या दहा मिनिटांमुळं आम्ही तिघे पदवीधर झालो. नियमात ती बसत होती का माहीत नाही.

आणि सगळ्यांना संध्याकाळच सोयीची असंही नाही. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी डबे करून देतात. त्यांना जीएसटी आणि हिशेब शिकायचाय, पण मोकळा वेळ दुपारी दोन ते साडेचार. संध्याकाळचे डबे त्या सोडू शकत नाहीत. कॉलेजानं वेळापत्रक लावण्याआधी शहराला एकदा विचारावं, तुम्ही मोकळे कधी असता?

प्राध्यापकांवर हे फुकट लादू नये. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची अवस्था मी जवळून बघितली आहे, संध्याकाळच्या तासाला नीट मानधन मिळालंच पाहिजे. त्यात आम्हा कारखानदारांनीही वाटा उचलावा, फायदा आमचाच आहे. आणि मुली शिकायला याव्यात असं वाटत असेल, तर नऊनंतर केएमटीची बस लागेल.

सध्या सोमवारी, सुट्टीदिवशी, मी शॉपमध्येच दोन तास शिकवतोय. त्या पोरासकट पाच जण येतात. फळा म्हणून पत्र्याच्या कपाटावर खडूनं लिहितो. गेल्या सोमवारी पोरांनी टेपरची तीन गणितं स्वतः सोडवली. पण मी दाखला देऊ शकत नाही, क्रेडिट देऊ शकत नाही.

कुणी प्राचार्य हे वाचत असतील तर त्यांना विनंती : आठवड्यातून तीन दिवस, साडेसहा ते नऊ, एक वर्ग उघडा ठेवा. एक जुनी लेथ, मोजमापाची साधनं आणि सरावाला लागणारं मटेरियल माझ्याकडून. शिकवायला येणारे अजून दोन शॉपवाले मी तयार केले आहेत. इनबॉक्समध्ये कळवा, मी स्वतः भेटायला येतो.